मेंदूवरचा घाला आणि ‘मेरिट’चा कांगावा

शिशाचा प्रश्न पर्यावरणवाल्यांचा, आपला नाही, असं चळवळीतल्या ज्यांना वाटतं त्यांनी एवढं समजून घ्यावं. शिसं लहान मुलाच्या वाढत्या मेंदूवर घाला घालतं. लक्ष लागत नाही, आकलन मंदावतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणजे बाबासाहेबांच्या ‘शिका’ या आदेशावर मूल शाळेची पायरी चढण्याआधीच हल्ला होतो. पुढे तेच मूल वर्गात मागे पडलं की ‘मेरिट’वाले त्याची जात काढतात!

अमेरिकेत जुन्या घरांच्या रंगात शिसं होतं. घरमालक डागडुजी करत नव्हते. भिंतींचे पोपडे गरीब काळ्यांची आणि पोर्टो रिकन मुलं तोंडात घालत होती. १९५० च्या दशकात शिसे उद्योगाच्या संघटनेने खापर कोणावर फोडलं? आईबापांवर! ते अडाणी, म्हणून मुलं आजारी! ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडेही रोगराई आली की वस्तीच्या ‘घाणेरड्या सवयी’ आठवतात, नळ आणि गटार आठवत नाही.

१९६९ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये यंग लॉर्ड्स या पोर्टो रिकन तरुणांच्या संघटनेने हा डाव उधळला. आरोग्य खात्यात ठिय्या देऊन त्यांनी तपासणीचं साहित्य मिळवलं, आरोग्य कर्मचाऱ्यांना सोबत घेतलं आणि दारोदार जाऊन मुलं तपासली. ठिकठिकाणच्या अशा रेट्यातून १९७१ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि १९७८ मध्ये घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. ज्या ब्लॅक पँथरकडून यंग लॉर्ड्सनी प्रेरणा घेतली, तिच्याकडूनच १९७२ मध्ये आपल्या दलित पँथरने घेतली. हा वारसा आपलाही आहे.

भारतात रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू आहे. पण जुन्या भिंतींवरचा रंग कायद्याने उतरत नाही. आणि जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या काही मलबार हिलवर नसतात. तिथे राबणाऱ्या बापाच्या कपड्यांवरून ती धूळ घरातल्या बाळापर्यंत पोचते. त्या बापाला ‘हात धुवा’ सांगून सरकारची आणि मालकाची जबाबदारी संपत नाही.

म्हणून युवक मंडळ, महिला मंडळ, आशाताई, कामगार आणि समाजातले डॉक्टर यांनी एकत्र यावं. आधी मुलांची रक्ततपासणी, मग आकडे घेऊन महापालिकेवर मोर्चा. मोजल्याशिवाय अन्याय सिद्ध होत नाही. यंदाच्या जयंतीला एक डीजे कमी लावा, त्या पैशात वस्तीतली मुलं तपासा.

जय भीम!