जासईतील दुरावा आणि जमिनीची आठवण



जासई परिसरात बंदर व गोदामांच्या कामासाठी आलेली परप्रांतीय कुटुंबे आणि मूळचे आगरी ग्रामस्थ यांच्यातील दुराव्याचे खापर स्थानिकांच्या संकुचित वृत्तीवर फोडणारे पत्र इतिहासाला धरून नाही. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भूसंपादनाविरुद्ध जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, त्यात ५ शेतकरी हुतात्मे झाले, आणि तो रोष परक्या माणसावर नव्हे, तर भातखाचरांना मिळणाऱ्या तुटपुंज्या मोबदल्यावर होता.

याच मुलखाने बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणात स्थायिक झालेल्या मराठीभाषक ज्यूंना, आपलेसे केले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते 'शनवार तेली' म्हणून गावगाड्यात रुळले आणि पनवेलला १८४९ साली त्यांचे सिनेगॉग उभे राहिले. ही जवळीक मेळाव्यांतून नव्हे, रोजच्या देवघेवीतून वाढली, हे विशेष महत्त्वाचे. त्यामुळे त्या पत्रात सुचवलेल्या एकदिवसीय महोत्सवापेक्षा नवागतांच्या मुलांना शाळेत १९८४चा लढा समजावून सांगणे आणि १६ जानेवारीच्या हुतात्मा अभिवादनास त्यांच्या पालकांना मानाने बोलावणे अधिक उपयुक्त ठरेल.

— एक वाचक, जासई