जुने काटे-चमचे : मोडीत घालण्यापूर्वी

आपल्या जिल्ह्यातील जुन्या मराठी घरांत वाटणी होते तेव्हा शेती, वाडा आणि दागिने यांचा हिशेब वडीलधाऱ्यांसमोर होतो. माळ्यावरच्या मखमली अस्तराच्या पेटीचा हिशेब मात्र सराफाच्या काट्यावर होतो. पेटीत काटे, चमचे व बोथट पात्याच्या सुऱ्या असतात. घरच्यांच्या मते ती 'निजामाच्या काळची अस्सल चांदी' असते. सराफ कानशीने एक ओरखडा काढतो, "यात चांदी नाही" असे सांगतो आणि पेटी भंगाराच्या भावाने जाते. मला या व्यवहारात दोन्ही पक्ष चुकलेले दिसतात. घरच्यांचा दावा बहुतेक वेळा टिकत नाही हे खरे; पण सराफाने दिलेले उत्तर एका वेगळ्याच प्रश्नाचे असते. त्याला 'चांदी किती' एवढेच विचारले गेले. 'वस्तू कधीची, कुठली आणि आपल्या घरी कशी आली' हे कोणी विचारलेच नाही.

वास्तविक अशा पेटीतील बहुतेक वस्तूंवर केवळ मुलामा असतो आणि त्या मुलाम्याचा इतिहास आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. विजेच्या साहाय्याने चांदीचा एकसंध थर चढवण्यासाठी पोटॅशियम सायनाइडचे द्रावण उपयुक्त ठरते, हे शोधून काढले बर्मिंगहॅमच्या जॉन राइट नावाच्या शल्यचिकित्सकाने. त्याची कृती एल्किंग्टन बंधूंनी विकत घेतली आणि १८४० मध्ये त्यांनी पेटंट मिळवले. त्यापूर्वी शेफील्डमध्ये तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने जोडून भांडी घडवीत. त्यांच्या झिजलेल्या कडांतून तांबूस रंग डोकावतो. अशी वस्तू आपल्याकडे सापडणे दुर्मीळच. आपल्याकडे सापडतो तो विजेचा मुलामा, आणि त्याच्या खाली असते ते 'जर्मन सिल्व्हर'. तांबे, निकेल व जस्त यांच्या या मिश्रधातूत नावापुरतीही चांदी नसते, किंबहुना नावातच तेवढी असते.

चमच्याच्या दांड्यामागे रोमन लिपीत ई.पी.एन.एस. ही चार अक्षरे असतील, तर त्यांचा अर्थ एवढाच : निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला मुलामा. शेजारचे 'ए-१' हे थराच्या जाडीविषयी कारखानदाराने स्वतःच दिलेले प्रशस्तिपत्र होय. इंग्लंडच्या अस्सल चांदीवर (हजारात ९२५ भाग) चालत्या सिंहाचा ठसा, तपासणी झालेल्या शहराची खूण आणि वर्ष दाखवणारे अक्षर असते. बर्मिंगहॅमची खूण नांगर. मुलामा देणारे कारखानदारही मोठे चतुर. ते आपली अक्षरे अशाच छोट्या छोट्या चौकटींत वेगवेगळी ठोकत, जेणेकरून दुरून पाहणाऱ्याला सरकारी ठशांचा भास व्हावा. तेव्हा चार चौकटी दिसल्या म्हणून हुरळून जाऊ नये, सिंह शोधावा.

काळ ठरवण्यासाठी याहून उपयोगी खुणा आहेत. चौकोन कोनावर उभा केल्यासारखी नक्षी-नोंदणीची खूण १८४२ ते १८८३ या काळातली. १८८४ पासून तिच्या जागी 'आर.डी.' व क्रमांक आला. तो एकपासून सुरू होऊन १९०० च्या आरंभी साडेतीन लाखांच्या पुढे गेला होता. 'इंग्लंड' हा देशनिर्देश अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर सर्रास दिसू लागतो. एल्किंग्टनसारख्या काही कारखान्यांनी तर मुलाम्याच्या वस्तूंवरही वर्षाची स्वतःची अक्षरे ठोकली. या साऱ्या खुणांचे स्वरूप एकच आहे : त्या 'याआधीची नाही' एवढेच सांगतात. १८९५ मध्ये नोंदलेली नक्षी १९२० मध्येही ठोकली जात असे.

सुरी सर्वांत बोलकी. समजा, घरात असे सांगतात की १९०५ मध्ये आदिलाबाद स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा अव्वल तालुकदारांनी पणजोबांना ही पेटी दिली, आणि सुरीच्या पात्यावर 'स्टेनलेस' असे कोरलेले आहे. हॅरी ब्रेअर्लीने शेफील्डमध्ये गंज न चढणारे पोलाद बनवले ते १९१३ मध्ये. म्हणजे एकतर कथा चुकली, नाहीतर पाते नंतर बदलले. (पाती बदलण्याची रीत होती, म्हणून चमच्यांवरील खुणांशी ताडून पाहावे.) अशी शंका घरात बोलून दाखवणे अवघड जाते, आजीला वाईट वाटते. तरीही मी ती बोलून दाखवावी या मताचा आहे. रुग्णाने सांगितलेला पूर्वेतिहास आपण आदराने ऐकतो, पण तपासणी करायची सोडत नाही.

इंग्रजी ठशांहून मला महत्त्वाचे वाटतात ते आपल्या माणसांनी नंतर कोरून घेतलेले आकडे. भांड्यावर नाव घालण्याची आपली जुनी चाल. चमच्यांवरही आद्याक्षरे, लग्नाची तिथी किंवा नुसते वर्ष सापडते. पण वर्ष कोणते? संस्थानात महसुलाला फसली सन चाले, दरबारात हिजरी आणि घरच्या पंचांगात शके. '१३४०' हा आकडा हिजरी धरला तर १९२१-२२ येते; फसली धरला तर १९३०-३१. शके १८५० म्हणजे १९२८-२९. अंदाज असा : फसलीत ५९०, शकात ७८ मिळवावेत, हिजरीसाठी मात्र कोष्टकच पाहावे, कारण ते वर्ष चांद्र आहे. आकड्याची लिपी पाहिली तर निम्मे काम होते. या एका गोंधळामुळे पणजोबांची भेट आजोबांच्या नावे जमा होऊ शकते.

मला याचे इतके अगत्य का, असे कोणी विचारील. या भागातील मराठी माणसाने गाव न सोडता राज्ये बदललेली पाहिली. १९४८ पर्यंत निजाम, १९५६ मध्ये आंध्र प्रदेश, २०१४ मध्ये तेलंगणा. १९५६ मध्येच किनवट व राजुरा मराठी मुलखात गेले, आपण इकडे राहिलो. २०१६ मध्ये जिल्ह्याचेही चार झाले. जुनी कागदपत्रे उर्दूत, ती वाचणारे गेले, आणि पुष्कळशी वाळवीने नेली. अशा घरात तारीख बाळगणारा चमचा हा एक दस्तऐवज आहे. हैदराबादच्या पुरानी हवेलीतील निजाम संग्रहालयातून सप्टेंबर २०१८ मध्ये सोन्याचा डबा, कपबशी आणि चमचा चोरीस गेला व काही दिवसांतच परत मिळाला. काय गेले हे तेथे नेमके सांगता आले. आपल्या पेटीतील काय गेले, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

चांदी आहे की नाही हे ओरखड्याविना कळू शकते. नुसता चमचा दोऱ्याला बांधून आधी कोरडा, मग पाण्यात बुडवून तोलावा. कोरड्या वजनाला घटीने भागावे. ५२ ग्रॅमच्या चमच्याची घट ५ ग्रॅम भरली तर उत्तर १०.४, म्हणजे चांदी. ६ ग्रॅम भरली तर ८.७, म्हणजे जर्मन सिल्व्हर. सुरीच्या मुठीत राळ भरलेली असते, तिला ही कसोटी लागू नाही आणि गरम पाणीही वर्ज्य. नायट्रिक आम्ल घरात आणूच नये. राखेने किंवा पावडरीने घासल्यास पहिल्यांदा ठसेच पुसट होतात. मऊ कापड पुरे. पुन्हा मुलामा देऊन 'नवे' करून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. त्यापूर्वी वस्तू घासून गुळगुळीत केली जाते आणि तिच्यासोबत नाव व तारीखही जाते. मात्र चमच्याच्या पोटाखाली पिवळट धातू उघडा पडला असेल, तर त्याने चिंचेचे सार वा ताक वाढू नये. तांबे व निकेल आंबटात उतरतात आणि निकेलची ॲलर्जी आपण बाह्यरुग्ण विभागात पाहतोच.

पेटी वाटायची झालीच, तर चार भावांनी तीन-तीन चमचे नेण्याऐवजी एकाने ती अखंड ठेवावी आणि इतरांना तिची किंमत दुसऱ्या रूपाने द्यावी. प्रत्येक ठशाचे तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे, त्याखाली कोणी काय सांगितले ते सांगणाऱ्याच्या नावासह लिहावे, आणि तो कागद पेटीच्या अस्तराखाली ठेवावा. घरातील नव्वदीच्या माणसाकडे हे काम घेऊन या दिवाळीतच बसावे; पुढच्या दिवाळीची खात्री आपण डॉक्टरही देत नाही.