बारा खंडांचे गाणे

शिकागोला गेलेला मराठी माणूस पूर्वीचा सिअर्स टॉवर पाहतो, तिथले तळे पाहून 'अहो, हा तर समुद्रच!' म्हणतो, आणि 1893 साली विवेकानंदांनी ज्या इमारतीत भाषण केले तिच्या पायऱ्यांवर उभा राहून छायाचित्र काढून घेतो. हे सारे मीही यथासांग केले. त्याविषयी लिहीत नाही, कारण ते पुष्कळांनी लिहिले आहे आणि वाचकांनी तितक्याच सहनशीलतेने वाचले आहे. मला सांगायचे आहे ते तिथल्या एका शुक्रवार-शनिवार-रविवारविषयी. हे तीन दिवस मी भाच्याच्या मोटारीतून बारमागून बार हिंडत 'ब्लूज' नावाचे गाणे ऐकण्यात घालवले.

"मामा, तुम्ही तर घेतही नाही!" भाचा म्हणाला.

"कोकाकोला मिळतो ना? मग झाले तर."

ब्लूज हे गाणे मूळचे मिसिसिपीकाठच्या कापसाच्या शेतांतले. गुलामगिरी कायद्याने संपली तरी कर्जाच्या वहीत अडकून राहिलेल्या काळ्या कुळांचे. त्याचा सर्वांत रुळलेला साचा फार साधा. चार-चार मात्रांचे बारा खंड, आणि त्यात तीन ओळी. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. दुसऱ्यांदा म्हणता म्हणता गाणारा पुढची ओळ मनात जुळवून घेतो. जात्यावर बसलेल्या बाईला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. आणि ओव्यांसारखेच येथेही होते. एकाच्या गाण्यातली ओळ दहाजणांच्या गाण्यांत सापडते, आणि ती मूळची कोणाची हे सांगता येत नाही. प्रत्येक ओळ अर्ध्या जागेत संपते. उरलेली अर्धी जागा गिटारची किंवा तोंडाने वाजवायच्या बाजाची. माणूस बोलतो, वाद्य जवाब देते.

पण खरी गंमत सुरात आहे. कोमल गांधार आणि शुद्ध गांधार यांच्या मध्ये कुठेतरी या गाण्याचा जीव अडकलेला असतो. पियानोला ती जागा मिळत नाही, म्हणून वाजवणारा दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबून तिच्या आसपास घोटाळतो. गिटारवाला तार ओढून तेथे पोहोचतो. आपण त्याला मींड म्हणू. आपल्याकडच्या एखाद्या बैठकीत तयार झालेल्या कानाला हे गाणे परके वाटण्याचे काही कारण नाही; परकी आहे ती बारमधली गडबड.

आणि त्या गडबडीनेच शिकागोचे ब्लूज घडवले. मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, म्हणजेच जगाला माहीत असलेला मडी वॉटर्स, 1943 साली मिसिसिपीतला मळा सोडून आगगाडीने या शहरात आला. दिवसा कागदाच्या कारखान्यात काम, पुढे खिडक्यांचे पडदे पोहोचवणारी गाडी चालवणे, आणि रात्री गुत्त्यांत गाणे. गावाकडच्या ओट्यावर पुरणारी साधी गिटार येथल्या कलकलाटात ऐकूच जाईना. त्याने विजेची गिटार घेतली. लिटल वॉल्टर या त्याच्या साथीदाराने बाजा ध्वनिक्षेपकाला तोंड लावून वाजवला. त्या दशकांत लाखो काळे लोक दक्षिणेतून उत्तरेच्या कारखान्यांत, खाटीकखान्यांत आले आणि शहराच्या दक्षिण भागात दाटीवाटीने राहिले. गाणे त्यांच्याच मागोमाग आले. कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात आलेल्या माणसांनी भजने, शाहिरी आणि तमाशा बरोबर आणला, तसेच हे.

शुक्रवारी आम्ही आर्मिटेज अॅव्हेन्यूवरच्या 'रोझाज लाउंज'मध्ये गेलो. इटलीतल्या मिलानचा ढोल वाजवणारा एक तरुण ब्लूजच्या वेडाने शिकागोत आला. मागाहून त्याची आई रोझा आली, आणि 1984 साली मायलेकांनी ही जागा काढली. लांबलचक बार, मागे छोटा मंच. श्रोते इतके जवळ की गिटारवाल्याच्या कपाळावरचा घाम मोजता यावा. वाजवणारी मंडळी शहरातलीच. त्यांतला मंद्र गिटार वाजवणारा साठीचा गृहस्थ मध्यंतरात आमच्या टेबलापाशी टेकला. दिवसा तो शाळेची बस चालवतो. या धंद्यात हे नवे नाही. बडी गायसारखा थोर वादकसुद्धा साठीच्या दशकात दिवसा बंद पडलेल्या मोटारी ओढून नेणारी गाडी चालवीत असे.

मी त्याला विचारले, "तुमच्या आळीतली माणसे येतात का ऐकायला?"

तो हसला. म्हणाला, आळीतून मी येतो, तेवढे पुरे नाही का? आणि मग जरा थांबून, भाच्याकडे पाहत, मुलगी रॅप ऐकते आणि माझ्या गाण्याला आजोबांचे गाणे म्हणते, असे सांगितले. त्यात तक्रार नव्हती. पेला संपवून तो मंचावर गेला.

शनिवारी हॉलस्टेड रस्त्यावरचे 'किंग्स्टन माइन्स'. दोन दालने, दोन मंच; एका तांड्याचे वाजवणे थांबले की दुसऱ्या दालनात दुसरा सुरू होतो आणि सारी गर्दी पेले सांभाळत तिकडे धावते. पहाटेपर्यंत हाच क्रम. श्रोते बहुतेक गोरे, बरेचसे परगावचे, आणि सगळ्यांना तीच चार प्रसिद्ध गाणी हवी. गायिका मात्र खणखणीत होती. बादली फिरली तेव्हा लोकांनी नोटा टाकल्या. आपल्याकडे याला दौलतजादा म्हणतात आणि नाक मुरडतात. मी नाक मुरडले नाही, कारण प्रवेशफीतून प्रत्येकाच्या वाट्याला काय येत असेल याचा हिशेब करायला प्राध्यापकी गणितही पुरते.

रविवारी दिवसाउजेडी दक्षिण भागात गेलो. इंडियाना अॅव्हेन्यूवर तळघरात 'थेरेसाज' होते. ते 1983 साली गेले. त्रेचाळिसाव्या रस्त्यावरच्या 'चेकरबोर्ड'मध्ये 1981 साली मडी वॉटर्सबरोबर गायला रोलिंग स्टोन्सवाले आले होते. ते 2003 साली बंद पडले, दुसरीकडे निघाले, आणि 2015 साली तेही मिटले. मॅक्सवेल रस्त्यावरचा रविवारचा बाजार, जेथे वादक शेजारच्या घरातून चार पैसे देऊन विजेची तार ओढून घेत, तो 1994 साली विद्यापीठाच्या वाढीसाठी मूळ जागेवरून उठवला गेला. विद्यापीठांनी गाण्यावर प्रबंधही लिहिले, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

जागा का गेल्या, याचे उत्तर भाडे आणि आवडनिवड एवढेच नाही. शिकागोचे प्रचंड खाटीकखाने 1971 साली बंद झाले. पुढे पोलादाचे कारखाने गेले. शनिवारी पगार घेऊन गुत्त्यात येणारा माणूसच उरला नाही, तर गाणे कोणाच्या जिवावर चालणार? लालबागच्या हनुमान थिएटरमध्ये तमाशाला गर्दी करणारे कोण होते, आणि 1982 च्या संपानंतर ते कोठे गेले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा रिकामा रस्ता नीट वाचता येतो. तमाशा आज सरकारी महोत्सवात दिसतो. ब्लूजचाही जून महिन्यात मोठा महोत्सव भरतो, फुकट असतो, आणि चांगला असतो. पण महोत्सवात रोजचा शेजारी नसतो. चुकलास म्हणून वादकाला तोंडावर सांगणारा तो एकच.

मडी वॉटर्सचे लेक पार्क अॅव्हेन्यूवरचे दुमजली विटांचे घर मात्र उभे आहे. 2021 साली शहराने त्याला वारसा वास्तू ठरवले, आणि त्याच्या पणतीने ते संग्रहालयासाठी जपले आहे. तळघरात सराव चाले. आम्ही रस्त्यावरूनच पाहिले.

संध्याकाळी भाच्याने एका लहानशा बारमध्ये नेले. तेथे रविवारी कोणीही मंचावर चढावे आणि वाजवावे, असा रिवाज. पंधरा-वीस माणसे. बहुतेक काळी, वयस्क, एकमेकांना नावाने हाका मारणारी. बऱ्याच वेळाने एक विशीची मुलगी गिटार घेऊन चढली. दोन ओळी झोकात म्हटल्या आणि तिसऱ्या ओळीला अडखळली. ढोल वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने न थांबता एक खंड जास्तीचा वाजवला, तेवढ्यात तिला ओळ सापडली. पुढच्या टेबलावरच्या एका आजीबाईंनी मोठ्याने काहीतरी सुनावले. सगळे हसले, मुलगीही हसली, आणि तेच कडवे तिने पुन्हा घेतले. भाच्याला सोमवारी कचेरी होती. आम्ही दहाला उठलो, तेव्हा ती चौथे गाणे लावत होती.