डोळ्यांची साक्ष

‘प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले’ असे कोणी म्हटले की वाद मिटतो. ऐकीव गोष्टीपेक्षा पाहिलेली गोष्ट खरी, ही समजूत योग्यच आहे. परंतु डोळ्यांची साक्षही तपासून घ्यावी लागते.

वैशाखातल्या दुपारी नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या वाटसरूला दूरवर रस्त्यावर पाणी चकाकताना दिसते. जवळ जावे तो ते नाहीसे होते. हेच मृगजळ! तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते; तिच्यातून येताना प्रकाश वाकतो आणि आकाशाचे प्रतिबिंब पाण्यासारखे भासते.

नांदेड जिल्ह्यात पैनगंगेवर सहस्रकुंड धबधबा आहे. पावसाळ्यात दूर उभे राहून कोणी मिनिटभर त्याच्या धारेकडे टक लावून पाहिले व मग नजर शेजारच्या खडकावर नेली, तर तो निश्चल खडक वर सरकल्यासारखा वाटतो. रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधील फॉयर्स धबधब्यापाशी आलेला असाच अनुभव १८३४ साली प्रसिद्ध केला. खाली जाणारी गती टिपणाऱ्या मज्जापेशी एकसारख्या पाहण्याने मंदावतात. म्हणून उलट गतीचा भास होतो.

हे भास मौजेचे खरे. पण सगळेच निरुपद्रवी नसतात. गोदावरीच्या संथ, स्वच्छ पाण्याचा तळ काठावरून जवळ भासतो. सरळ वरून पाहिले तरी चार फूट खोल पाणी सुमारे तीन फूटच वाटते. केवळ नजरेवर विसंबून पाण्यात उतरणाऱ्याच्या प्राणावर बेतू शकते. म्हणून जाणता माणूस आधी काठीने पाण्याचा ठाव घेतो.

यावरून डोळ्यांना लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. डोळे प्रकाश टिपतात. निवाड्याची घाई मन करते. मृगजळाचे कारण जाणणाऱ्यालाही ते दिसतेच. ज्ञानाने भास जात नाही. फसगत मात्र टळते. नजरेला वळण लावणे ते हेच. जागा बदलून पाहावे, मोजून पाहावे. उगवता पौर्णिमेचा चंद्र मोठा वाटला, तर हात लांब करून तो करंगळीच्या टोकाने झाकावा. माथ्यावर आल्यावर पुन्हा तसेच करावे. दोन्ही वेळा चंद्र तेवढाच असल्याचे कळेल.

स्वतःच्या डोळ्यांची साक्ष जो तपासून घेतो, तो दुसऱ्याच्या बोलण्याने सहसा फसत नाही. पाहणे निसर्ग शिकवतो. पारखणे माणसाला स्वतः शिकावे लागते.