मर्यादा पाहुण्यावर हवी

पर्यटनावर निर्बंध घालणे म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय देणे होय, असा एक पक्ष आपल्याकडे काही वर्षांपासून मोठ्या हिरिरीने मांडला जात आहे. आणि तो मांडणारे केवळ मोठ्या हॉटेलांचे मालक किंवा जमिनींचे दलाल असते, तर त्याचे सविस्तर उत्तर देण्याचे प्रयोजन उरले नसते. परंतु ज्या घरांतील मुले पिढ्यानपिढ्या मुंबईच्या चाकरीपायी गाव सोडून गेली, त्या घरांतील प्रामाणिक माणसेही आज हाच पक्ष घेताना दिसतात. त्यांचे म्हणणे असे की, निसर्गाने आम्हांस समुद्र, डोंगर आणि पाऊस एवढेच भांडवल दिले; ते वापरावयाचे तर रस्ते रुंद झाले पाहिजेत, खोल्या वाढल्या पाहिजेत, गाड्या दारापर्यंत आल्या पाहिजेत; आणि जपणुकीच्या गोष्टी ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनी शहरात बसून कराव्यात. या कैफियतीत वेदना खरी आहे. म्हणूनच तिचे खंडन करणाराने आधी तिच्यातील सत्यांश मान्य केला पाहिजे: उपजीविका हा गावकऱ्याचा हक्क आहे, आणि जी जपणूक त्याला उपाशी ठेवून होते ती टिकत नाही व टिकूही नये.

पण या युक्तिवादाच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि ते तपासल्यावाचून स्वीकारले गेले आहे. पाहुणे जितके अधिक तितकी गावाची मिळकत अधिक, हे ते गृहीत. वस्तुतः मिळकत पाहुण्यांच्या संख्येवर ठरत नसून, पाहुण्याने दिलेला रुपया गावात किती हातांतून फिरतो यावर ठरते. जेथे जमीन बाहेरच्याने घेतली, बांधकामाचा मक्ता बाहेरच्याला गेला, तांदूळ-भाजी शहरातील घाऊक बाजारातून आली आणि व्यवस्थापकही बाहेरून आला, तेथे गावाच्या वाट्याला झाडलोट, पहारा आणि सांडपाणी एवढेच उरते. शिवाय पाण्याचा हिशेब या जमाखर्चात कोणी धरीतच नाही. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, कोकणपट्टीतही पावसाची वाण नाही. तरीही चैत्र-वैशाखात याच मुलुखातील कितीतरी वाड्या टँकरची वाट पाहतात, कारण जांभ्या दगडातून आणि तीव्र उतारांवरून हे पाणी पाहता पाहता समुद्राकडे निघून जाते. पाहुण्यांचा हंगाम नेमका याच महिन्यांत भरात येतो. विहीर तळाला गेलेली असताना शेजारच्या आवारातील पोहण्याचा तलाव भरून ठेवावा लागतो, आणि एकाच भूजलावर दोघांचा उपसा चालतो. येथे पाय कोणाच्या पोटावर पडतो, याचे उत्तर कळशी घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारावे.

प्रतिपक्षाचे सर्वांत चांगले खंडन तर्काने न होता एका गावाने केले आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे ते गाव. नाना फडणविसांच्या घराण्याशी ज्याचे नाव जोडले गेले, त्या या लहानशा गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत, उरलेली कुत्री-कोल्हे उकरीत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, गावातील तरुणांना बरोबर घेऊन घरटी राखण्यास आरंभ केला. आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पाहुणे येऊ लागल्यावर त्यांच्यासाठी किनाऱ्यावर हॉटेल उभे राहिले नाही; गावकऱ्यांनी आपापल्या घरांतील खोल्या आणि पडव्या मोकळ्या करून दिल्या. शेणाने सारवलेल्या अंगणात पंगत बसते. पानात तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, सोलकढी, आणि आगाऊ सांगितले असेल तर उकडीचे मोदक. जेवण रांधणारी गृहिणीच त्या व्यवहाराची मालकीण असते, आणि तांदूळ, नारळ, कोकम यांचे पैसे बहुतांशी त्याच पंचक्रोशीत राहतात.

किनाऱ्यावरची शिस्तही पाहण्यासारखी आहे. जाळीने वेढलेल्या जागेत वाळूखाली अंडी पुरलेली असतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिले वर येण्याची वेळ झाली की त्या त्या घरट्यावर टोपली पालथी घालून ठेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी ती उचलून पाहतात. पिले निघाली असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडली जातात, आणि पाहुण्यांनी दोरीच्या अलीकडे थांबावयाचे असते. निघाली नसतील तर पाहुण्याने परत फिरावयाचे. शंभर कोस प्रवास करून आलेल्या माणसाला 'आज काही नाही' असे सांगण्याचे धैर्य ज्या व्यवसायात आहे, त्याला मी आतिथ्याचा उत्तम नमुना समजतो. कारण तेथे यजमानाने आपल्या आवाक्यात नसलेल्या गोष्टीचे वचन दिलेले नाही, आणि पाहुण्याच्या पैशाने जीवसृष्टीचे वेळापत्रक बदलता येते असा समजही करून दिलेला नाही. तरीही लोक येतात, पुन्हा येतात. निर्बंधाने पाहुणा दुरावतो, हे विधान वेळासच्या किनाऱ्यावर खोटे ठरले आहे.

कासच्या पठाराचा दाखला याच जातीचा आहे, पण त्यात एक अधिकचा धडा आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत साताऱ्याजवळचे हे पठार होते. आणि त्या कीर्तीबरोबर फुले तुडविणारी गर्दीही आली. तेव्हा दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि प्रवेशशुल्क अशी व्यवस्था झाली, व तिची राखण आसपासच्या गावांच्या समितीकडे आली. त्याच भरात पठारावर कुंपणही घालण्यात आले. पण गुरांची चराई थांबल्याने गवत माजते आणि फुलांना जागा उरत नाही, अशी तक्रार स्थानिकांकडून व जाणकारांकडून होऊ लागली, आणि पुढे ते कुंपण काढावे लागले. सांगावयाचे ते इतकेच की, मर्यादा पाहुण्यांवर घालावयाची असते. जो गुराखी आणि जी गुरे त्या पठाराच्या जीवनक्रमात शतकानुशतके सामावलेली आहेत, त्यांची वहिवाट मोडून निसर्गाचे रक्षण होत नाही.

आता प्रतिपक्षाच्या सर्वांत प्रबळ आक्षेपाकडे वळतो, आणि तो माथेरानच्या उदाहरणावर उभा आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण प्रसिद्धीस आणले, आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशाने व जिद्दीने नेरळपासून वर दोन फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी सुरू झाली. मोटारींना तेथे मज्जाव आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते आणि पुढे तांबड्या मातीच्या वाटेने पायी, घोड्यावर किंवा रिक्षेत जावे लागते, आणि ती रिक्षा दीर्घकाळ माणसेच ओढीत. २००३ मध्ये केंद्र सरकारने या परिसरास पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. प्रतिपक्ष म्हणतो: पाहा, तुमच्या या स्वच्छ हवेची किंमत कोणी दिली? चढावर घामाने निथळत पाहुण्याला ओढणाऱ्या माणसाने दिली.

हा आक्षेप मी संपूर्ण मान्य करतो. त्याला कोणतेही 'परंतु' जोडण्याची माझी इच्छा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आदेश दिला, तो फैसला न्याय्य होता आणि त्यास उशीरच झाला होता. मात्र त्या फैसल्यातून जो निष्कर्ष प्रतिपक्ष काढू पाहतो, तो निघत नाही. न्यायालयाने मोटारींना रस्ता खुला केला नाही. विजेवर चालणाऱ्या रिक्षा मान्य केल्या, आणि त्या आधी हातरिक्षा ओढीत आलेल्यांना मिळाव्यात अशी दिशा दिली. म्हणजे पाहुण्यावरील मर्यादा कायम राहिली, आणि श्रमिकाच्या पाठीवरील ओझे तेवढे उतरले. घोडेवाल्यांचा या बदलास विरोध आहे, आणि त्यांच्या पोटाची तजवीज हा स्वतंत्र व गंभीर प्रश्न आहे. पण तो सोडविण्याचा मार्ग त्यांना नव्या व्यवस्थेत हिस्सा देणे हा आहे, घाटमाथ्यावर मोटारींची रांग आणणे हा नव्हे. मोटार वर आली की पाहुणा दोन तासांत फिरून संध्याकाळी परत जाईल. मग घोडेवाला, हमाल, खानावळ चालविणारी बाई आणि रात्रीच्या मुक्कामावर जगणारे लहान लॉज या सर्वांचेच उत्पन्न बुडेल. ज्या मर्यादेला प्रतिपक्ष माथेरानच्या दारिद्र्याचे कारण समजतो, तीच त्या गावाची खरी मिळकत आहे.

यंत्रविद्येवर भिस्त ठेवणाऱ्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सौरऊर्जा, सांडपाणी-शुद्धीकरण, काचेच्या बाटल्या हे सर्व हवेच आहे. परंतु न्हाणीघरात 'टॉवेल रोज बदलू नका' अशी पाटी लावून त्याच आवारात आणखी चाळीस खोल्यांचा पाया खणणाऱ्या व्यवसायाने एका हाताने वाचविले ते दुसऱ्या हाताने दसपटीने उधळले, हे साध्या बेरीज-वजाबाकीने समजते. शुद्धीकरणाचे यंत्र वापरलेले पाणी स्वच्छ करील. डोंगरात नसलेले पाणी ते निर्माण करणार नाही.

अन्नाचा प्रश्न मात्र अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते याच ठिकाणी लहान व्यावसायिकाचा तो आवडता आक्षेप, की हे सारे आम्हांस परवडत नाही, पुरता कोसळतो. सिंधुदुर्गातील मालवणी खानावळी घ्या. पाहुण्याला बारमाही सुरमई आणि पापलेट हवे असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असतानाही हवे असते. मग शीतगृहातला, परमुलखातून आलेला मासा चढ्या भावाने घ्यावयाचा, आणि तो मालवणी म्हणून वाढावयाचा. हंगामातही मोठा मासा अपुरा पडला की पूर्ण वाढ न झालेला मासा ताटात येतो. जो एकदाही अंडी घालू शकला नाही असा मासा खाणे म्हणजे पुढल्या वर्षीच्या जाळ्यातून आजच उचल घेणे होय. राज्य सरकारने २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली, ती याच भीतीने. आता त्या खानावळीच्या मालकिणीने तारली, मांदेली, बांगडा यांना ताटात मानाची जागा दिली, आणि आषाढात सुका जवळा, सोडे, वालाची उसळ, फणसाची भाजी, टाकळा असा त्या ऋतूचा स्वयंपाक अभिमानाने वाढला, तर तिचा खर्च वाढेल की घटेल? तिच्या सासूने आणि आजेसासूने दर्या बंद असताना हेच रांधले. गरिबाला न परवडणारी गोष्ट कोणती असेल तर ती पाहुण्याच्या लहरीपायी ऋतूच्या विरुद्ध स्वयंपाक चालविणे ही आहे.

उष्ट्या अन्नाचेही तसेच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हॉटेले व उपाहारगृहे यांना ओला कचरा वेगळा करून शक्य तेथे आपल्याच आवारात त्याचे खत किंवा वायू करण्यास सांगितले. मोठ्या हॉटेलांच्या त्या मांडणीत, जेथे तीस पदार्थ एकाच वेळी मांडून ठेवायचे आणि पाहुण्याने त्यांतील सहा चाखून बाकीचे तसेच टाकायचे असा परिपाठ आहे, तेथे खताचा खड्डा कितीही मोठा खणला तरी अपव्यय थांबत नाही. उलट पंगतीत वाढणारा माणूस पानाकडे पाहून वाढतो. 'आणखी घ्या' हा आग्रह असतोच, पण पान रिकामे झाल्यावर असतो. पंगतीची ही पद्धत मोठ्या हॉटेलांना अवघड वाटत असेल, परंतु वाढप्यांची संख्या वाढवावी लागणे म्हणजे चार स्थानिक तरुणांना रोजगार देणे होय, आणि रोजगारासाठीच तर पर्यटन हवे असे प्रतिपक्षाने आरंभी सांगितले होते.

म्हणून माझे मागणे असे आहे. कोकणातील असो वा घाटमाथ्यावरील असो, कोणत्याही गावात निवासाची नवी खोली बांधण्याचा परवाना मागणाऱ्याने आपल्या दरखास्तीस वैशाखातील विहिरींच्या पातळीचा दाखला जोडावा, आणि तो दाखला ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. गावात एका दिवशी किती पाहुणे मावतात हा आकडा मंत्रालयातून न येता त्याच ग्रामसभेने पाणी, कचरा आणि रस्ता यांचा हिशेब पाहून ठरवावा, व दर तीन वर्षांनी तपासावा. त्या आकड्यापलीकडे गाड्या आल्या तर त्या वेशीवर थांबाव्यात, वेशीपासून आत नेण्याचा हक्क गावातल्या वाहनवाल्यांचा, घोडेवाल्यांचा आणि हमालांचा असावा, आणि प्रवेशशुल्काचा रुपया जिल्ह्याच्या तिजोरीत जाण्यापूर्वी गावाच्या नळयोजनेवर आणि कचऱ्याच्या व्यवस्थेवर खर्च व्हावा. घरगुती निवासाच्या परवान्यात कुटुंबातील स्त्रीचे नाव मालक म्हणून नोंदलेले असावे, कारण पाहुण्याचे जेवण, अंथरूण आणि पाणी या तिन्हींचा भार आजही तीच वाहते, आणि कुठे थांबावयाचे हे तिच्याइतके अचूक दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.