मुकादमापुढे नशा कुठे जाते?

सेंच्युरी रेयॉनच्या चिमणीखाली, शहाड-उल्हासनगरच्या वस्त्यांत आम्ही लहानाचे मोठे झालो. पगाराच्या रात्री कुठल्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज येणार, हे आम्हाला आधीच ठाऊक असायचे. सकाळी ती बाई गालावर पदर ओढून नळावर यायची आणि म्हणायची, "माणूस चांगला आहे, दारू वाईट."

हे वाक्य आता खोडून काढले पाहिजे. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाणारा हा माणूस प्यायल्यावर मुकादमाच्या अंगावर जातो का? हवालदार दिसला की हात जोडतो. मग हात बायकोवरच का उठतो? कारण कोणाला मारले तर खपते, याची शुद्ध त्याला नशेतही असते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, नवरा वारंवार झिंगेपर्यंत पितो अशा सुमारे 70 टक्के स्त्रियांनी त्याची शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. न पिणाऱ्यांच्या घरांत हे प्रमाण 23 टक्के आहे. म्हणजे दारू आगीत तेल ओततेच. पण 23 टक्क्यांच्या घरात तर बाटलीच नव्हती! तिथे आग कोणी लावली? बाईला दासी मानणाऱ्या मनुवादी पुरुषीपणाने.

मारझोड फक्त झोपडपट्टीत होते, हा सवर्णांचा कांगावा आहे. बंगल्यांच्या भिंती जाड असतात, इतकेच. पण तेवढ्यावरून आम्हाला आमच्या वस्तीबद्दल गप्प बसता येणार नाही.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी सतरावी दारू न पिण्याची आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते, कारण नशा बेसावध करते. पाचवे मोडले की अहिंसेचे पहिले शील मोडायला वेळ लागत नाही. तरीही जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा खांद्यावर आणि तोंडाला वास, असे कार्यकर्ते आपल्यात आहेत की नाहीत? त्यांना आपण पाठीशी घालतो की नाही?

म्हणून तरुणांनो, सुरुवात आपल्यापासून करा. पिऊन आलेल्याला मिरवणुकीतून बाहेर काढा, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना. मार खाल्लेल्या बाईला "सांभाळून घे" सांगू नका. तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा, 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिला समजावून सांगा. वॉर्डातले दारूचे दुकान मतदानाने बंद करण्याचा मार्गही महाराष्ट्रात आहे. 'आडवी बाटली' करून अनेक ठिकाणच्या बायांनी ते करून दाखवले आहे.

बाबासाहेब समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. ते मोजमाप आज आपल्या घरात लावले, तर आपण कुठे उभे आहोत?

जय भीम!