बहिष्कार कोणाच्या हाती?

रामेश्वराचा कौल झाला म्हणजे आचरे गाव घरांना कड्या घालून, गुराढोरांसह वेशीबाहेर राहावयास जाते. काही वर्षांच्या अंतराने येणाऱ्या या गावपळणीत हिंदूंबरोबर मुसलमान कुटुंबेही निघतात. एका शब्दावर सारे गाव हलावे, ही शक्ती कोकणात अद्याप शाबूत आहे. परंतु गावकीची हीच शक्ती एखाद्या घरावर रोखली गेली, की तिला वाळीत टाकणे म्हणतात. रायगडसारख्या जिल्ह्यांतून अशा तक्रारी वारंवार आल्या आणि महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

बहिष्कार हे दुधारी शस्त्र आहे. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरी डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांना अटक झाली. तेव्हा तेथील कृष्णवर्णीयांनी स्थानिक संस्था स्थापून ३८१ दिवस शहरातील बसगाड्यांवर बहिष्कार घातला. हात न उगारता त्यांनी वर्णभेदाची आसनव्यवस्था मोडली. बसचे बहुसंख्य उतारू तेच असल्याने कंपनीची मिळकत त्यांच्या हाती होती. आणि नेतृत्व करणाऱ्या धर्मोपदेशकांचे वेतन गोऱ्यांच्या नव्हे, स्वतःच्याच मंडळींच्या वर्गणीतून येई.

महाडला हे दोन्ही नव्हते. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले यांचा ठराव कौन्सिलने १९२३ साली संमत केला होता, नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांना मार खावा लागला. डॉ. आंबेडकरांनी प्रतिकार होऊ दिला नाही. पुढे बहिष्काराचे हत्यार उचलले गेले ते सवर्णांकडून, आणि ज्यांची रोजची भाकरी त्यांच्याच शेतावर होती त्यांच्यावर. उच्च न्यायालयाचा निकाल अनुकूल लागला, पण तो १९३७ साली!

आजच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, लाखापर्यंत दंड आहे. अडते ते साक्षीपाशी. ज्याला त्याच गावात दुकान चालवायचे आहे, मुलीचे लग्न करायचे आहे, तो ठाण्याची पायरी चढण्यापूर्वी दहादा विचार करणार. त्याला भ्याड म्हणणे सोपे आहे. गोपुरीचे आप्पा पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून झगडले, तेव्हा त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास आरंभला होता. एवढी अपेक्षा आज कोणाकडूनही नाही. मात्र शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोस्टमास्तर यांचा पगार गावकीच्या हाती नाही. वाळीत पडलेल्या घरी पहिला चहा त्यांनी घ्यावा आणि पंचनाम्यावर पहिली सहीही त्यांचीच असावी.